बाबांनी विचारलं, येशू होता का

२ मार्च २०२५, रविवार. मंगरूळपीर

दुपारी संदीप आला शेलूबाजारहून, मोटरसायकलवर भाजीचं पोतं बांधून. वांगी, सांबाराच्या हिरव्या जुड्या, आणि मिरची इतकी की शेजारी वाटूनही उरली. माझ्या माहेरची भाजी आली की आई आधी पोत्यात डोकं घालून वास घ्यायच्या. आज कोणी घेतला नाही. (आई म्हणजे सासूबाई, बाबा म्हणजे सासरे. माझ्या आईला मी माय म्हणते. वहीत गोंधळ नको.)

आईंना जाऊन मेमध्ये वर्ष होईल. कबरीवर अजून नुसती माती आणि लाकडी क्रूस. जेवताना बाबा म्हणाले, पाथरवट विचारून राह्यला, दगडावर काय कोरू. नाव, तारखा, आणि खाली 'पुन्हा भेटू'. आईंनीच सांगून ठेवलं होतं म्हणे.

संदीप वांग्याची फोड तोंडात घालता घालता म्हणाला, "बाबा, राग नका मानू. मी एक व्हिडिओ पाह्यला. त्यात म्हणते येशू नावाचा मानूसच झाला नाही. नंतरच्या लोकायनं रचली सारी कहानी."

विजयचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, हात ताटात थांबला. मी संदीपला टेबलाखालून पाय मारला. माझा भाऊ असाच. वाईट मनाचा नाही. वाचतो, ऐकतो, सगळ्यांना प्रश्न विचारतो. आमच्या काकूला झाडूनं मारणाऱ्या देवऋषीला गावातून हाकलणारा हाच. पण वेळ कोणती, घर कोणाचं, हे त्याला कळत नाही.

बाबा म्हणाले, "कोन म्हनते?"

"इतिहासवाले."

"पाठव मले."

५ मार्च, बुधवार

उपवासाचे दिवस सुरू झाले. आजपासून गुड फ्रायडेपर्यंत दर बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थना. बाबा गेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले.

गुडघे काही दुखत नव्हते. ओट्यावर बसून तोच व्हिडिओ पाहत होते. थांबवायचे, मागे न्यायचे, परत लावायचे. सारा जन्म एस.टी.त कंडक्टर. आवाज असा की दाराजवळ बोलले तर शेवटच्या सीटवर ऐकू जाई. चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायला त्यांनाच उभं करतात. आठवडा झाला, घरात आवाज नाही त्यांचा. (आठवडा कुठला, तीन दिवस. पण वाटतो आठवडा.)

७ मार्च, शुक्र.

बारावीच्या पेपरची ड्यूटी करून आले. डोकं उकडलेलं. बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे.

"मनीषा, तू इतिहास शिकवतं ना?"

"हो बाबा."

"मंग सांग. सून म्हनून नको सांगू. मास्तरीन म्हनून सांग. तो होता का?"

मी म्हटलं, आमच्या अभ्यासक्रमात हा भाग नाही, मला नीट माहीत नाही.

"मंग शिक."

असं कधी बोलत नाहीत माझ्याशी. मग स्वतःच खाली बसले. म्हणाले, "तो नसन, तर मी 'पुन्हा भेटू' कोनाच्या भरवशावर कोरू? दगडावर खोटं नाही लिहाचं मले."

मी चहा ठेवला. दुसरं काय करणार.

लग्नाच्या वेळी दोन्हीकडचे लोक रुसले होते. आमच्याकडचे म्हणाले पोरगी बाटली, चर्चमधले म्हणाले मुलगा गेला. आईंनी मात्र पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातली एक फळी रिकामी करून दिली. तुझे देव इथं ठेव म्हणाल्या. पुढे मी नसले की त्याच पुसायच्या ती फळी. आता त्यांच्या देवाची चौकशी माझ्याकडे आली.

९ मार्च, रवि.

अमरावतीच्या सरांना फोन. एम.ए.ला शिकवायचे. आधी हसले. "मंगरूळपिरात हा प्रश्न कोणी विचारला?" मी म्हटलं, सासऱ्यांनी. मग हसायचे थांबले.

सरांचं म्हणणं, जमेल तसं लिहून ठेवते: बहुतेक सगळे इतिहासकार, त्यात देव न मानणारेही आले, म्हणतात की असा एक माणूस झाला. गालीलातला, उपदेश करणारा, रोमी सत्तेनं क्रूसावर मारलेला. चमत्कार, पुन्हा उठणं, हे इतिहासाच्या हातात येत नाही. तिथं इतिहास हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. झालाच नाही म्हणणारे थोडे आहेत, पण त्यांचे प्रश्न सगळेच फालतू नाहीत. ते आधी नीट वाच.

काही लेख पाठवतो म्हणाले. इंग्रजी. डिक्शनरी काढावी लागणार.

१२ मार्च, बुध.

बाबा आजही प्रार्थनेला नाहीत. विजय एकटा गेला, आला, माझ्याशी बोलला नाही.

वाचलेलं:

त्याच्या हयातीत कोणी काही लिहिलं नाही. खरं आहे. शुभवर्तमानं, म्हणजे त्याच्या चरित्राची चार पुस्तकं, नंतरची, आणि लिहिणारे सगळे मानणारे.

एका ज्यू इतिहासकाराच्या ग्रंथात त्याच्यावर एक मोठा उतारा आहे. त्यात नंतरच्या ख्रिस्ती हातांनी भर घातलीय, हे जवळजवळ सगळ्यांना मान्य. व्हिडिओवाला एवढंच सांगतो आणि थांबतो. त्याच ग्रंथात पुढे दुसरी एक ओळ आहे. कुणा याकोबाला दगडांनी मारलं त्याची हकीकत, आणि हा कोणता याकोब तर ख्रिस्त म्हणवला गेलेल्या येशूचा भाऊ. जाता जाता लिहिलेली ओळ. ती बहुतेकांना खरी वाटते.

एक रोमी इतिहासकार. त्याला ख्रिस्ती लोकांची किळस. तोही लिहितो की यांचा मूळपुरुष अमक्या सुभेदाराच्या काळात मारला गेला. पण त्यालाही ते कुठून कळलं? ख्रिस्ती लोकांकडूनच ऐकलं असेल तर? इथे मी अडकले.

बाबांना हे सगळं सांगायचं, की बरं तेवढंच?

१४ मार्च, धुळवड

सगळंच सांगितलं. मास्तरीण म्हणून विचारलंय ना.

रंग ओसरल्यावर बाबा म्हणाले, चाल, सलीमकडे जाऊ. सलीमचाचांची बेकरी स्टँडजवळ. बाबांची पहिली गाडी सुटायची तेव्हा यांची भट्टी पेटलेली असायची, तेव्हापासूनची दोस्ती. चर्चमध्ये प्रभुभोजनाला लागणारा पाव यांच्याच बेकरीतून येतो. रोजे सुरू आहेत, चाचांचे ओठ वाळलेले, तरी आमच्यासाठी खुर्च्या पुसल्या.

बाबांनी सरळ विचारलं. "सलीम, येशू होता का रे?"

चाचा बघतच राहिले. "ईसा अलैहिस्सलाम? थे. और आएंगे भी. ये क्या पूछने की बात है, शांतवनभाऊ?"

"अन् क्रूसावर मेला?"

"नहीं. वो नहीं. अल्लाह ने उठा लिया उनको. सूली पे वो नहीं थे."

बाबा माझ्याकडे वळले. "सांग त्याले, इतिहासवाले काय म्हनतात."

मी सांगितलं. बाकी कशाचीच खात्री नाही, पण माणूस होता असं धरलं तर तो क्रूसावर मेला हे सगळ्यात पक्कं. कारण एवढी लाजिरवाणी मौत आपल्या गुरूसाठी कोणी मुद्दाम रचणार नाही.

चाचा म्हणाले, "तो उन इतिहासवालों को मेरे पास भेजो. टोस खिलाऊंगा, समझाऊंगा."

बाबा हसले. मोठ्यानं. आई गेल्यापासून असं हसलेले पहिल्यांदा ऐकले.

निघताना चाचांनी विचारलं, भाभी का पत्थर लगा? बाबा म्हणाले, नाही अजून. त्याचंच चाललंय.

१६ मार्च, रवि.

बाबा चर्चला नाहीत. विजय आला आणि दारातच सुरू झाला. भांडण. भिंती पातळ, म्हणून दबक्या आवाजात, त्यामुळे जास्त लागलं.

"तुह्या भावानं आग लावली, अन् तू फुकून राह्यली."

"त्यांनी विचारलं. मी काय खोटं सांगू?"

"गप तर बसू शकतं ना! बाप एकटा राह्यला माहा. त्याच्यापाशी दुसरं आहे काय? चर्चमध्ये लोक विचारून राह्यले, शांतवनभाऊ कायले येत नाहीत. काय सांगू? सून पुरावे शोधून राह्यली म्हनून सांगू?"

तो चुकीचं बोलत नव्हता. मीही नव्हते.

रात्री आम्ही दोघं एका ताटात जेवतो, आज वेगळ्या ताटात जेवलो. लग्नानंतर हे दुसऱ्यांदा.

२० मार्च, गुरु.

पेपर तपासायला आलेत. गठ्ठा तसाच बांधलेला.

पौल या सुरुवातीच्या प्रचारकाच्या पत्राबद्दल वाचलं. हा तर शुभवर्तमानांच्याही आधीचा. क्रूसानंतर वीस-पंचवीस वर्षांत लिहीत होता. तो सांगतो की मी यरुशलेमेत गेलो, तिथं प्रभूच्या भावाला, याकोबाला भेटलो. म्हणजे भावाला भेटलेल्या माणसाचं स्वतःचं लिहिणं. पुढे याकोबाच्या माणसांशी याचं वाजलंसुद्धा.

बाबांना सांगितलं तर उभेच राहिले. "भाऊ भेटला होता! अन् हे मी कितीकदा वाचलं चर्चमध्ये, सगळ्यांपुढं. ध्यानातच नाही आलं."

डोळे असे चमकले की वाटलं इथेच थांबावं. थांबले नाही. सांगितलं की येशू झालाच नाही म्हणणारे म्हणतात, 'भाऊ' म्हणजे मंडळीतला भाऊ, सख्खा नव्हे. बहुतेकांना ते ताणलेलं वाटतं, मलाही वाटतं. पण म्हणतात.

बाबा परत बसले. म्हणाले, "बरं केलं सांगितलं."

खरंच बरं केलं का, देव जाणे. (कोणता, ते विचारू नये.)

२३ मार्च, रवि.

उपासनेनंतर पाळक साहेब घरी आले. वाशिमहून येतात महिन्यातून दोनदा. तरुण आहेत, माझ्याच वयाचे. मला वाटलं आता मला सुनावणार. तसं काही नाही. पाणी मागितलं, वांग्याची भाजी मागून घेतली.

बाबांना म्हणाले, "काका, विश्वास असला की पुरावा लागत नाही."

बाबा: "साहेब, मी तिकीट पाह्यल्याशिवाय कोनाले बसू दिलं नाही जन्मभर. आता सवय कशी सुटन?"

साहेब हसले, पण डोळ्यांत काळजी. मग मुद्द्यावर आले. गुड फ्रायडेला दुपारी येशूचे क्रूसावरचे सात उद्गार सात जण उलगडून सांगतात. पाचवा, तहान लागली म्हणतो तो, दरवर्षी आईंचा असायचा. यंदा कोणाला द्यावा? "तुम्ही घ्यावा असं मंडळीला वाटतं, काका."

बाबा उठून आत गेले. आतूनच म्हणाले, "पाहू."

साहेब निघताना मला हळूच म्हणाले, "ताई, मीही वाचलंय हे सगळं, सेमिनरीत, पाळक व्हायला शिकत होतो तेव्हा. तेव्हा मलाही फार त्रास झाला होता." पुढे काही तरी म्हणणार होते. विजय गाडी काढायला बाहेर आला आणि राहून गेलं.

३० मार्च, पाडवा

शेलूबाजारला. गुढी मायनं उभारली. यंदा बाबाही सोबत. स्वतःहून म्हणाले, येतो. विजय आला नाही.

जेवण झाल्यावर बाबा आणि संदीप मिरचीच्या वावरात, बोरीखाली. मीही गेले, मारामारी नको म्हणून. मारामारी कसली, दोघं मजेत.

बाबा म्हणाले, "संदीप, माहा आजा केनवडचा. त्याचं नाव कोन्या पुस्तकात हाय? नाही. म्हनून तो नव्हता काय? मंग मी आलो कुठून?"

संदीप: "बराबर हाय. पन बाबा, तुमच्या आजाच्या नावानं अर्धं जग नाही चालून राह्यलं. जेवढी मोठी गोष्ट, तेवढं मानूस विचारनच."

बाबांना ते पटलं. मान डोलावली. मग याकोबाचं सांगितलं त्यांनी, माझ्याहून छान. घरच्या लोकांनी येशूला वेडा ठरवलं होतं, भाऊ मानत नव्हते त्याला, तेही सांगितलं.

संदीप ढेकूळ फोडत बसला होता. थांबला. "भाऊ मानत नव्हते? असं त्यायच्याच पुस्तकात लिहिलं हाय?"

"हाय."

"मंग असन बुवा मानूस. रचाचंच असतं तर गुनी भाऊ रचला असता. असे भाऊ खऱ्याच मानसाले असतात." (चुलतभावाशी बांधावरून याचं दोन वर्षं बोलणं बंद आहे.)

मग एकदम गंभीर झाला. "बाबा, मी तुमचं काही हिसकून घ्याले नव्हतं पाठवलं. मले वाटलं, तुमीच सांगसान काय खरं ते. ताई म्हनते तुमाले लय लागलं."

बाबा म्हणाले, "लागलं. पन लागाचंच होतं कधी तरी. सुशीला असती तर तिनंच तुले उत्तर देल्लं असतं, अन् मी आयतं ऐकलं असतं. मी जन्मभर तिच्याच भरवशावर होतो रे. देवाच्या कमी, तिच्या जास्त."

संदीपनं मान खाली घातली. मी सांबार तोडायला गेले. जुडी बांधता येईना.

३१ मार्च, सोम. ईद

सलीमचाचांकडून शीरखुर्मा. विजयनं मला न विचारता वाटी भरून दिली. बोलणं सुरू, असं समजायचं.

४ एप्रिल, शुक्र.

विजय लॅबमधून लवकर आला. बाबा फिरायला गेलेले. मी पेपर तपासत होते, समोर बसला. म्हणाला, पेन ठेव.

म्हणाला, त्याला स्वतःला कधीच काही वाटलं नाही. प्रार्थना करताना डोळे मिटतो, आत काहीच नसतं. लहानपणापासून. आईला बरं वाटावं म्हणून जायचा, आता बाबांना. "तो होता का नव्हता, मले कधी प्रश्नच नाही पडला. मले फक्त बाबा तिथं उभे राहून वाचताना पाह्यचे असतात. तेवढंच माहं चर्च."

इतकी वर्षं सोबत राहून मला हे माहीत नव्हतं. मी त्याला मानणारा समजत होते आणि जपून बोलत होते. तो मला न मानणारी समजून जपत होता. वास्तविक फळीवरच्या देवांना मी रोज दिवा लावते.

मी म्हटलं, बाबांना सांग हे. म्हणाला, वेडी आहेस का.

८ एप्रिल, मंगळ.

पाथरवटाचा निरोप आला. मेआधी हवा असेल तर आताच सांगा, पुढे त्याला वेळ नाही. बाबा आणि मी गेलो. दगड बिनकोरा, काळा, भिंतीला टेकवलेला. बाबांनी त्यावर हात फिरवला.

नाव सांगितलं. सुशीला शांतवन. जन्म, मृत्यू. पाथरवट म्हणाला, खाली काय?

"खाली जागा सोड."

"कितली?"

"दोन शब्द बसतीन इतली."

परतताना रिक्षा थांबवली. बाजारातून भेंडी घेतली.

१३ एप्रिल, रवि. झावळ्यांचा रविवार

बाबा चर्चला गेले! शेवटच्या बाकावर बसले, विजयनं सांगितलं. गाणं म्हटलं नाही. पण साहेबांना सांगून आले, पाचवा उद्गार मी घेतो.

काय बोलणार आहेत? विचारलं तर म्हणाले, मलेच माहीत नाही.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

आत्ता संध्याकाळचे साडेसहा. आठवेल तेवढं लिहिते, नाही तर उद्या सगळं गोड होऊन बसेल.

दुपारचं ऊन असं की पायरीवर चप्पल चिकटावी. चर्च भरलेलं, दोन कूलर, दोन्हींचा आवाज. मी दरवर्षी आईंसोबत मागे बसायचे. यंदा पुढे, विजयशेजारी.

चौथा उद्गार झाला. बाबा उठले. हातात कागद नाही. पांढरा सदरा, आईंनी शिवून घेतलेला. त्यांना आवाज लावायची गरज कधीच नसते, पण आज हळू बोलले, लोक पुढे झुकले.

म्हणाले (शब्द जवळजवळ हेच):

"हे जागा सुशीलाची हाय. ती असती तर तिनं तुमाले बरोबर सांगितलं असतं. मी यंदा बरोबर नाही. मी या दिवसायत एकच विचारून राह्यलो, की तो होता का. तुमच्यापैकी काही जनायले राग आला. येऊ द्या. मी माह्या सुनेले विचारलं. ती हिंदू हाय, इतिहास शिकवते. तिनं मेहनत घेतली. ती म्हनते, बहुतेक होता. मले 'बहुतेक' आवडत नाही. पन तिनं खोटं नाही सांगितलं, म्हनून मी तिचं 'बहुतेक' घेऊन आलो.

"अकोल्याच्या दवाखान्यात सुशीला पानी मांगे. डॉक्टर म्हनत, देऊ नका. मी कापूस ओला करून तिच्या ओठाले लावू. ते चोखे. अजून मांगे. मी म्हनो, थांब जरा. मले तवा देव आठवला नाही. फक्त कापूस दिसे.

"आता हा पाचवा उद्गार. तो म्हनते, तहान लागली. कोनीतरी बोळा भिजवून त्याच्या तोंडाले लावला. लावनारा कोन, त्याचं नाव लिहिलं नाही. मी इतक्यांदा वाचलं, त्याच्याकडं कधी पाह्यलं नाही. यंदा मले तोच दिसला. त्याच्या बाजूले मी उभा राहू शकतो. मले ते काम येते. त्याच्या पुढचं मले आज सांगता येत नाही. माफी असावी."

आणि येऊन बसले.

साहेबांनी सहावा उद्गार सांगणाऱ्याला खूण करायला उशीर केला. समोरच्या बाकावरची एक बाई पदर तोंडावर धरून बाहेर गेली. मागून पुरुषाचा आवाज, हळू पण मुद्दाम ऐकू येईल असा: "बहुतेक म्हने! गुड फ्रायडेला! चर्चमंधी!"

विजयनं मागे वळून पाहिलं. मग बाबांचा हात धरला. मोठ्या मुलानं बापाचा हात असा धरलेला मी पाहिला नव्हता.

बाहेर पडताना काही जण आमच्याशी बोलले नाहीत. काही बाबांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. साहेब दाराशी उभे होते. बाबांना काही म्हणाले नाहीत, फक्त वाकले. माझ्याकडे बघून म्हणाले, "वाशिमला माझ्याकडे तक्रार येईल ताई." मी म्हटलं, मग? "येऊ द्या. उत्तर काय द्यायचं ते बघतोय."

१९ एप्रिल, शनि.

एक गोष्ट कालपासून टोचत होती. तहानेचा उद्गार चारपैकी एकाच शुभवर्तमानात आहे, सगळ्यात शेवटी लिहिलेल्या. पुरावा म्हणून कच्चा. बोळा लावणारा मात्र चारपैकी तिघांत आहे. बाबांना सांगावं की नको? मास्तरीण म्हणून हवं. सून म्हणून अजिबात नको.

सकाळी लसूण सोलताना सांगून टाकलं.

बाबा म्हणाले, "माहीत हाय मले. तुह्या जन्माआधीपासून वाचून राह्यलो."

"मग काल काहून घेतला तो?"

"सुशीलाचा होता म्हनून." आणि लसणाची पाकळी माझ्या हातातून घेतली. "जाड साल ठेवून राह्यली तू."

संदीपचा फोन. त्याला कोणीतरी कालचं सांगितलंय. म्हणाला, ताई, फोन बाबांना दे. दोघं बराच वेळ बोलले. काय ते मला सांगितलं नाही. बाबा मधून मधून "हो ना, हो ना" म्हणत होते.

२० एप्रिल, रवि. ईस्टर

विजय तयार होऊन लवकर गेला, खुर्च्या लावायच्या होत्या. बाबा आंघोळ करून, नवा सदरा घालून ओट्यावर बसले. मी साडी नेसून बाहेर आले तरी तसेच बसलेले.

"बाबा, निघायचं ना? सुरू होईल."

"तू जा."

मी बसले शेजारी. चर्च तीन गल्ल्या पलीकडे. पहिलं गाणं सुरू झालेलं ऐकू येत होतं, पुनरुत्थानाचं, दरवर्षीचं. आईंचं आवडतं.

बाबा म्हणाले, "मनीषा, तू मले शुक्रवारपावतो आनलं. उपकार हाय तुहे. शुक्रवारचं मले पटलं. मानूस होता, तहान लागली, मेला. आता रविवार, तो उठला म्हनतात तो." मग सदऱ्याची बाही सरळ केली. "रविवारी मी अजून पोचलो नाही पोरी."

"तिथं मला नेता येत नाही बाबा. तो माझा विषय नाही."

"माहीत हाय."

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मांजर कुंपणावरून गेलं.

मी म्हटलं, "मग आज नाही जायचं?"

"मले वाटते जावं. अन् वाटते, जाऊन खोटं कायले गाऊ."

"गाऊ नका. नुसते चला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जसं काही मी आत्ताच कुठून आलेय. मग चप्पल शोधली.

पोचलो तेव्हा उपदेश संपत आला होता. दारापाशी बाबा थांबले, चौकटीला हात लावून. आतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. शुक्रवारी 'बहुतेक' म्हणून हिणवणारे गृहस्थही. शेवटच्या बाकावरच्या बायकांनी सरकून जागा केली. "बसा ना शांतवनभाऊ." विजय पुढून अर्धा उठला, परत बसला. साहेबांनी वाक्य पुरं केलं आणि गाणं सांगितलं, सगळे उभे राहिले, गायले. पहिलं कडवं, दुसरं. बाबांचे ओठ मिटलेले, नजर समोर. गाणं संपलं. लोक खाली बसले. बायकांनी पुन्हा जागा दाखवली, बसा ना.

बसले नाहीत. निघालेही नाहीत. मी त्यांच्या मागे, पायरीवर, उन्हात.